रविवारची सायकल फेरी: वस्तीत कशी सुरू करावी आणि कशी टिकवावी

पुण्यात सिंहगड रस्त्याच्या परिसरात आम्ही काही शेजारी दर रविवारी सकाळी एकत्र सायकल चालवतो. राजाराम पुलाजवळून निघायचे, खडकवासला धरणापर्यंत जायचे, चहा घ्यायचा आणि त्याच रस्त्याने परतायचे, एवढाच हा क्रम आहे. अशी फेरी आपल्याही वस्तीत सुरू करावी असे अनेकांच्या मनात असते. दोन-तीन रविवार उत्साहात जातात, चौथ्या रविवारी चारच जण येतात आणि दिवाळीनंतर सगळेच थांबते. असे होण्याचे कारण बहुतेक वेळा लोकांच्या आळसात नसते. पहिल्याच आठवड्यात फेरी सर्वांत वेगवान माणसाच्या मापाने आखली गेली, तर बाकीचे एकेक करून गळत जातात. म्हणून पुढे जे काही सांगितले आहे, त्यातील जवळजवळ प्रत्येक गोष्ट सर्वांत मागे राहणाऱ्या माणसाला समोर ठेवून ठरवलेली आहे.

पहिली पायरी: तीन माणसे, एक जागा, एक वेळ

सुरुवातीला तीसजणांची यादी करण्याच्या भरीस पडू नये. सलग आठ रविवार नक्की येतील अशी तीन माणसे पुरतात. या तिघांपैकी एकाला पंक्चर काढता आले पाहिजे, एकाला परिसरातील माणसांची चांगली ओळख असली पाहिजे आणि एक जण मुळातच सावकाश चालवणारा असावा. शेवटच्या माणसाची निवड मुद्दाम करावी, कारण फेरीचा वेग त्याच्यावरून ठरवायचा असतो.

जमण्याची जागा रस्त्याच्या कडेपासून आत, दिव्याखाली आणि दहा-बारा सायकली उभ्या राहिल्या तरी कोणाची वाट अडणार नाही अशी असावी. दूध केंद्राजवळची जागा सोयीची पडते, कारण तेथे पहाटेपासून वर्दळ असते आणि एकट्याने येणाऱ्या व्यक्तीला अंधारात ताटकळत उभे राहावे लागत नाही. एकदा ठरवलेली जागा शक्यतो बदलू नये. चार रविवार चुकलेला माणूस पाचव्या रविवारी कोणालाही न विचारता येऊन उभा राहू शकला पाहिजे.

वेळ ठरवताना सूर्योदय पाहावा. पुण्यात जूनच्या आरंभी सूर्य सहाच्या सुमारास उगवतो, तर जानेवारीत सात वाजून गेल्यावर उगवतो. म्हणून वर्षभर एकच वेळ ठेवण्याऐवजी ती वर्षातून दोनदा बदलावी. आम्ही मार्चच्या मध्यापासून सप्टेंबरअखेर सहाला आणि उरलेल्या महिन्यांत पावणेसातला निघतो. ठरलेल्या वेळेनंतर पाच मिनिटे थांबावे, सहाव्या मिनिटाला निघावे. हा नियम कठोर वाटतो, पण उशिरा येणाऱ्यासाठी वेळेवर आलेल्या दहा जणांना दर आठवड्याला ताटकळत ठेवले, तर वेळ पाळणारेच आधी यायचे थांबतात.

दुसरी पायरी: रस्ता पाहून येणे

नकाशावर रस्ता ठरवता येतो, पण त्यावर विसंबून माणसे घेऊन जाऊ नये. ज्या वारी आणि ज्या वेळी फेरी काढायची आहे, त्याच वारी आणि त्याच वेळी तिघांनी तो रस्ता एकदा चालवून पाहावा. बुधवारी दुपारी पाहिलेला रस्ता आणि रविवारी सकाळचा रस्ता यांत फार फरक असतो. खडी आणि वाळू कोठे पसरलेली आहे, कोणत्या गतिरोधकावर पांढरे पट्टे उरलेले नाहीत, कोणत्या वळणावर कुत्री अंगावर येतात, पाणी कोठे मिळते आणि स्वच्छ स्वच्छतागृह कोठे आहे, हे वहीत लिहून ठेवावे. कुत्री मागे लागली तर वेग वाढवण्याचा मोह आवरून सायकलवरून उतरावे, सायकल आपल्या आणि कुत्र्याच्या मध्ये धरावी आणि चालत पुढे जावे. बहुतेक कुत्री तेवढ्याने थांबतात.

अंतर ठरवताना असा हिशेब करावा: साधी सायकल आणि सराव नसलेला माणूस यांचा वेग ताशी बारा ते चौदा किलोमीटर धरावा, एकूण वेळ चहासह अडीच तासांच्या आत बसवावा. राजाराम पुलापासून खडकवासला धरण सुमारे बारा-तेरा किलोमीटर आहे, म्हणजे जाऊन-येऊन पंचवीस. रस्त्यात दमछाक करणारा मोठा चढ नाही आणि धरणाजवळ पोहोचताच समोर पाणी दिसते. पहिल्यांदाच एवढे अंतर कापणाऱ्या माणसासाठी ते पाणी दिसणे फार मोलाचे असते.

जाण्या-येण्याचा रस्ता एकच असावा असे माझे ठाम मत आहे. गोल फिरून येणारा मार्ग अधिक रंजक वाटतो, पण त्यात दमलेल्या माणसाला मध्येच परतता येत नाही. एकाच रस्त्याने जायचे-यायचे असेल, तर तो धायरी फाट्यावरूनही मागे वळू शकतो किंवा नांदेड फाट्यावर बसून इतर परत येण्याची वाट पाहू शकतो. या रस्त्याची आणखी एक सोय आहे. रविवारी आठनंतर गाड्यांची रांग पुण्याकडून सिंहगड आणि पानशेतच्या दिशेने लागते. आपण त्या वेळी परतीच्या वाटेवर असल्यामुळे ती गर्दी रस्त्याच्या पलीकडच्या बाजूला असते.

सराव झालेल्या मंडळींना सिंहगडाचा घाट खुणावतो आणि ते योग्यच आहे. गोळेवाडीपासून वर आठ-नऊ किलोमीटरचा सलग चढ आहे आणि त्यात साडेपाचशे ते सहाशे मीटर उंची चढावी लागते. मात्र तो घाट साप्ताहिक फेरीत मिसळू नये. महिन्यातून एखाद्या रविवारी इच्छुकांनी धरणावरून पुढे जावे, बाकीच्यांनी ठरल्याप्रमाणे परतावे आणि कोण कोणाबरोबर आहे हे निघण्यापूर्वीच जाहीर करावे.

तिसरी पायरी: सायकल आणि पिशवी

नव्या माणसाला महागडी सायकल घ्यायला सांगू नये. घरातील, सोसायटीच्या वाहनतळात धूळ खात पडलेली सायकल दुरुस्त करून आणायला सांगावे. आपल्या या शहरात कामगार, विद्यार्थी आणि दूधवाले साध्या काळ्या सायकलींवरून रोज याहून अधिक अंतर जात असत. हवा, ब्रेक, चेन आणि सीटची उंची या चार गोष्टी नीट असल्या की कोणतीही सायकल धरणापर्यंत जाते.

टायरच्या कडेला किती हवा भरावी याचा आकडा छापलेला असतो, तो पाहावा. जाड टायरमध्ये कमी आणि बारीक टायरमध्ये अधिक दाब लागतो. ब्रेक दाबल्यावर त्याचे रबर रिमवर बसले पाहिजे, टायरला घासता कामा नये. सीटवर बसून खालच्या पायडलवर टाच ठेवली असता गुडघा जवळजवळ सरळ व्हावा, एवढी सीट वर घ्यावी. सीट फार खाली ठेवल्यामुळे गुडघे दुखतात आणि सायकल आपल्याला झेपत नाही असा समज करून घेऊन माणूस परत येत नाही. पाच मिनिटांच्या या कामाने कितीतरी माणसे टिकली आहेत.

गटाची एक पिशवी असावी. तिच्यात पंप, चाकांच्या वेगवेगळ्या मापांच्या दोन-तीन ट्यूब, ठिगळे, सोल्युशन, पॉलिश कागद, टायर काढण्याच्या दोन पट्ट्या, पाने, जाड कापडाचा तुकडा, पट्टीचे कापड आणि जंतुनाशक मलम ठेवावे. सायकलींना तीन प्रकारचे व्हॉल्व्ह असतात: साध्या काळ्या सायकलींना छोटी रबरी नळी असलेला, अनेक गिअरच्या सायकलींना मोटारसायकलसारखा जाड आणि शर्यतीच्या सायकलींना बारीक. पंप घेताना तो तिन्हींना बसतो ना, हे दुकानातच पाहून घ्यावे.

पंक्चर कसे काढायचे हे सर्वांना एकदा धरणाच्या कडेला बसून दाखवावे. चाक काढून, टायरची एक कड पट्टीने उचलून ट्यूब बाहेर काढली की तिच्यात हवा भरून गालाजवळ धरावी. गालाच्या त्वचेला बारीकशी झुळूकही लगेच कळते. जागा सापडली की ती पॉलिश कागदाने खरखरीत करावी, सोल्युशन लावून ते वरून कोरडे दिसेपर्यंत थांबावे आणि मग ठिगळ दाबून बसवावे. घाई करून ओल्या सोल्युशनवर ठिगळ लावणे ही सर्वांत नेहमीची चूक आहे. त्यानंतरची पायरी बहुतेक जण विसरतात. ट्यूब परत घालण्यापूर्वी टायरच्या आतून कापडाचा तुकडा गोल फिरवावा, बोट फिरवू नये. बाभळीचा काटा टायरमध्येच अडकलेला असेल तर कापडाचा धागा त्याला अडकतो. तो काटा काढला नाही तर अर्ध्या किलोमीटरवर पुन्हा तेच काम करावे लागते.

चौथी पायरी: आघाडी, पिछाडी आणि मधले सगळे

आमच्या सुरुवातीच्या फेऱ्यांपैकी एका फेरीत सत्तरीच्या जवळ आलेले एक काका मागे राहिले. त्यांच्या सायकलची चेन फ्रीव्हील आणि आऱ्यांच्या मध्ये अडकली होती. पुढे गेलेल्या आम्हा बाराजणांना हे धरणावर चहा मागवताना, पेले मोजताना कळले. फोन केला तेव्हा ते काळ्या हातांनी सायकल ढकलत घरी निघाले होते. रागाने काही बोलले नाहीत. “तुम्ही लोकं व्हा पुढे, माझ्यामुळे तुमचा खोळंबा नको,” एवढेच म्हणाले. त्या रविवारी संध्याकाळी आम्ही त्यांच्या घरी गेलो आणि दुसऱ्या दिवशीच पिछाडीचा नियम केला.

नियम असा आहे. सर्वांत पुढे एक जण असतो, तो आघाडीचा. त्याच्या पुढे कोणीही जायचे नाही. सर्वांत शेवटी एक जण असतो, तो पिछाडीचा. त्याच्या मागे कोणीही राहायचे नाही. पिछाडीवर तरबेज, पंक्चर काढता येणारा आणि स्वभावाने शांत माणूस असावा आणि पिशवी त्याच्याच सायकलवर असावी. आघाडीवाल्याने ठरलेल्या तीन ठिकाणी थांबून पिछाडीवाला दिसेपर्यंत वाट पाहावी. मागून आलेल्यांनाही दोन मिनिटे दम घेऊ द्यावा. ते पोहोचताक्षणी पुढच्यांनी निघायचे, असे झाले तर ज्याला विश्रांतीची सर्वांत जास्त गरज आहे, त्यालाच ती मिळत नाही.

मधल्यांनी डाव्या बाजूने, एकामागे एक, पुढच्या सायकलपासून निदान दोन सायकलींएवढे अंतर ठेवून चालवावे. पुढच्याने खड्डा, खडी किंवा उघडलेले गाडीचे दार दिसताच हाताने दाखवावे आणि मोठ्याने सांगावे, मागच्याने ते आपल्या मागच्यापर्यंत पोहोचवावे. “खड्डा”, “मागून गाडी” आणि “थांबतोय” हे तीन शब्द पुरेसे आहेत. कानात गाणी लावून फेरीत येऊ नये. माणसे पंधराहून जास्त झाली की दोन गट करावेत, प्रत्येक गटाला स्वतःची आघाडी-पिछाडी द्यावी आणि पाच मिनिटांच्या अंतराने सोडावे. लांबलचक रांग ओलांडताना गाडीवाल्यांना मध्ये शिरायला जागा मिळत नाही आणि त्यातून धोका निर्माण होतो.

सायकलस्वारासाठी हेल्मेट कायद्याने सक्तीचे नाही, तरीही आम्ही हेल्मेटशिवाय कोणाला घेत नाही. ज्यांच्याकडे ते नसते त्यांच्यासाठी गटाची दोन हेल्मेटे ठेवलेली आहेत. सोळा वर्षांखालील मुलांबरोबर पालक असलाच पाहिजे. प्रत्येकाच्या खिशात नाव, रक्तगट आणि घरच्यांचा फोन लिहिलेले कार्ड असावे. अपघात झाल्यास रुग्णवाहिकेसाठी १०८ आणि इतर तातडीच्या मदतीसाठी ११२ हे क्रमांक आहेत. रस्त्यावर दुसऱ्या कोणाचा अपघात दिसला तरी थांबावे. जखमीला मदत करणाऱ्याला कायद्याचा त्रास होऊ नये यासाठी मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने कलम १३४अ घातलेले आहे, हे सर्वांना सांगून ठेवावे, कारण पोलीस चौकशीच्या भीतीने आजही माणसे पुढे होत नाहीत.

पाचवी पायरी: शनिवारचा निरोप आणि रविवारचा चहा

दर शनिवारी संध्याकाळी सातला व्हॉट्सॲपवर एकच निरोप जावा. आमचा निरोप साधारण असा असतो: “उद्या सकाळी सहा, नेहमीची जागा. धरण, जाऊन-येऊन पंचवीस किमी. साडेआठपर्यंत घरी. आघाडी जोशीकाका, पिछाडी शिंदेवहिनी. येणाऱ्यांनी फक्त ‘हो’ लिहावे.” परत येण्याची वेळ यात असणे महत्त्वाचे आहे. रविवारी ज्यांच्यावर घरच्या नाश्त्याची किंवा मुलांच्या शिकवणीची जबाबदारी असते, त्यांचा निर्णय त्यावर अवलंबून असतो आणि दिलेली वेळ पाळली गेली की घरच्यांचाही विश्वास बसतो. या गटात शुभेच्छांची चित्रे आणि राजकारण यांना जागा देऊ नये.

आलेल्या होकारांची संख्या चहाच्या टपरीवर आदल्या रात्रीच कळवावी. आमच्या मावशी त्यानुसार पोह्यांचा अंदाज घेतात, त्यामुळे वाट पाहण्यात वेळ जात नाही. पैसे ज्याचे त्याने द्यावेत. एकाने सर्वांचे देण्याची सवय लागली की ज्याला परवडत नाही तो संकोचाने येणे सोडतो. कागदी पेले, पिशव्या जे काही असेल ते आपणच गोळा करावे.

थांबण्याच्या जागेविषयी एक गोष्ट आम्ही उशिरा शिकलो. सुरुवातीला आलेल्या स्त्रिया दोन-तीन रविवारांनंतर येईनाशा झाल्या, तेव्हा वेग जास्त होत असावा असे आम्ही गृहीत धरले. शेवटी एका वहिनींना विचारले, तेव्हा त्यांनी स्पष्ट सांगितले की, अडीच तासांत कोठेही स्वच्छतागृह नाही, म्हणून त्या सकाळी पाणी न पिता येत होत्या आणि परतल्यावर दिवसभर त्यांचे डोके दुखत होते. त्यानंतर आम्ही चहाची जागा बदलली. विचारण्यापूर्वी कारण ठरवून टाकू नये, हे तेव्हापासून पाळतो. आता पिछाडीवर महिन्यातून निदान दोनदा स्त्रिया असतात.

चहाची वीस-पंचवीस मिनिटे घाईने उरकू नयेत, कारण शेजाऱ्यांची खरी ओळख तेथे होते. खडकवासल्याचे धरण १८७९ मध्ये पूर्ण झाले आणि १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटल्यावर तेही पाण्याच्या लोंढ्यापुढे टिकले नाही. आमच्या एका आजोबांचे घर तेव्हा नदीकाठच्या पेठेत होते. एका पावसाळी रविवारी पेला हातात धरून, पाण्याकडे पाहत त्यांनी सांगितले की, पूर ओसरल्यावर त्यांच्या आईने चिखलातून सर्वांत आधी पाटा-वरवंटा शोधून काढला होता. त्याच इमारतीत दहा वर्षे राहणाऱ्या मुलांनी त्यांच्या तोंडून ही गोष्ट प्रथमच ऐकली. तेव्हापासून जुलैतील त्या तारखेच्या जवळच्या रविवारी आम्ही थोडे अधिक थांबतो आणि ज्यांना आठवते त्यांना बोलू देतो.

सहावी पायरी: वस्तीशी नाते

फेरी सुरू होऊन तीन-चार महिने झाले की परिसरातील पंक्चरवाल्या दादांना भेटावे. वर्षातून दोनदा, पावसाळ्यापूर्वी आणि नंतर, सोसायटीच्या आवारात दुरुस्तीचा दिवस ठेवावा, त्यांना त्या दिवसाची ठरलेली मजुरी द्यावी आणि सुट्या भागांचे पैसे ज्याचे त्याने द्यावेत. वाहनतळात बेवारस पडलेल्या सायकलींच्या मालकांना लेखी विचारून, संमती मिळालेल्या सायकली दुरुस्त कराव्यात आणि ज्यांना कामावर किंवा शाळेत जायला त्या उपयोगी पडतील त्यांना द्याव्यात. देताना छायाचित्रे काढून ती फिरवू नयेत.

रस्त्यावरचे खड्डे, बंद दिवे आणि झाकण नसलेली गटारे दर आठवड्याला डोळ्यांखालून जातात. त्यांची यादी महिन्यातून एकदा जवळच्या खुणेसह आणि छायाचित्रासह लिहून क्षेत्रीय कार्यालयात द्यावी आणि पोच घ्यावी. “रस्ता खराब आहे” असे लिहिल्याने काही होत नाही. “अमुक दुकानासमोर, डाव्या कडेला, हातभर रुंद खड्डा” असे लिहिले की काम करणाऱ्यालाही सोपे जाते.

सणवारांशी जुळवून घेतल्याने फेरी परिसराची होते. गणेशोत्सवातील एका रविवारी आम्ही धरणाऐवजी शहरात जातो आणि गर्दी होण्यापूर्वी कसबा, तांबडी जोगेश्वरी, गुरुजी तालीम, तुळशीबाग आणि केसरीवाडा या मानाच्या पाचही गणपतींचे दर्शन घेतो. पालख्या पुण्यातून निघतात त्या दिवसांत सोलापूर रस्ता आणि दिवे घाट वारकऱ्यांसाठी मोकळा ठेवावा, तेथे सायकली घालू नयेत. ध्वनिक्षेपक, फलक किंवा मोठा जमाव असा कार्यक्रम करायचा असेल, तर पोलिसांची परवानगी आधी घ्यावी.

पावसाळ्यात फेरी बंद करण्याची गरज नाही, पण मडगार्ड आणि मागचा लुकलुकणारा लाल दिवा सक्तीचा करावा. ओल्या रिमवर ब्रेक उशिरा लागतो, म्हणून अंतर दुप्पट ठेवावे आणि परतल्यावर चेन पुसून तेल द्यावे. पाणी साचलेल्या जागेतून सायकल घालू नये, खाली काय आहे हे कळत नाही. जोराचा पाऊस असेल तर साडेपाचला फेरी रद्द झाल्याचा निरोप द्यावा आणि ज्यांना शक्य आहे त्यांनी चहासाठी पायीच जमावे. भेटीचा वार चुकू देऊ नये.

सातवी पायरी: वही दुसऱ्याच्या हाती देणे

एकाच माणसाच्या उत्साहावर चाललेली फेरी त्याची बदली झाली किंवा घरी आजारपण आले की थांबते. म्हणून पहिल्या वर्षापासून दर तीन महिन्यांनी सूत्रधार बदलावा. एक साधी वही ठेवावी. तिच्यात तारीख, आलेल्यांची नावे, आघाडी, पिछाडी, कोणाची सायकल कोठे बिघडली आणि कोण किती आठवडे आलेले नाही, एवढे लिहावे. सलग तीन रविवार न आलेल्या व्यक्तीला फोन करावा आणि “का आला नाहीत?” असे न विचारता “बरे आहात ना?” असे विचारावे. अशाच एका फोनमुळे एकट्या राहणाऱ्या काकूंचा पाय मुरगळला आहे आणि त्यांना औषध आणून देणारे कोणी नाही, हे आम्हाला कळले होते. पुढचे दोन आठवडे फेरीतील माणसांनी पाळीपाळीने त्यांचा डबा पोहोचवला.

सूत्रधार बदलण्याचा दिवस तिमाहीच्या शेवटच्या रविवारी ठेवावा. चहा झाल्यावर जुन्या सूत्रधाराने नव्यासमोर पिशवी उघडून आतील वस्तू एकेक मोजून द्याव्यात, सोल्युशनची नळी वाळली असेल तर ती लगेच बदलावी, पंपाने हवा भरून दाखवावी आणि वहीत दोघांनी सही करावी. परतीच्या वाटेवर पिशवी नव्या सूत्रधाराच्या कॅरिअरवर बांधावी आणि त्या दिवशी पिछाडीला त्यालाच ठेवावे.